कळ दाबली, तरी निरोप का पोहोचत नाही?

अनेक कार्यालयांत दूरध्वनीला आता प्रथम यंत्र उत्तर देते. ‘लेखा शाखेसाठी दोन दाबा, निरोप ठेवण्यासाठी तीन दाबा’ अशी सूचना ऐकू येते. नागरिक कळ दाबतो. यंत्र मात्र तीच सूचना पुन्हा ऐकवते, भलत्याच शाखेशी जोडून देते किंवा संपर्क तोडते. निवृत्तिवेतनाची चौकशी करणारी वृद्ध व्यक्ती दोन-तीन वेळा प्रयत्न करते आणि नाद सोडून देते. तिची तक्रार कोठेही नोंदली जात नाही. ‘चुकीची कळ दाबली असेल’ असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. कारण पुष्कळदा दोष कळीचा सूर ओळखणाऱ्या व्यवस्थेत असतो.

दोन सुरांची खूण

सुरांवर चालणारी कळींची दूरध्वनी सेवा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १८ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. या पद्धतीत प्रत्येक कळ एकाच वेळी दोन सूर उमटविते. कळींच्या चार आडव्या ओळींना अनुक्रमे ६९७, ७७०, ८५२ व ९४१ हर्ट्झ, तर तीन उभ्या ओळींना १२०९, १३३६ व १४७७ हर्ट्झ असे सूर नेमून दिलेले आहेत. ‘५’ दाबताच ७७० आणि १३३६ हर्ट्झचे सूर एकत्र निघतात. मानवी बोलण्यातून अशी जोडी सहसा तयार होत नाही, म्हणून ही योजना. मात्र सूर पुरेसा स्पष्ट हवा आणि तो साधारणतः ४० मिलिसेकंद तरी टिकला पाहिजे.

दोष शोधण्याचा क्रम

प्रथम कार्यालयातील दूरध्वनी, बाहेरील तारेवरचा दूरध्वनी व मोबाईल या तिन्हींवरून सर्व कळी दाबून पाहाव्यात. एकाच उपकरणावर फक्त १, २ व ३ या कळी चालत नसतील, तर त्या ओळीचा सूर उमटत नाही, म्हणजेच दोष उपकरणात आहे. कोणतीच कळ चालत नसेल, तर उपकरणावरील पल्स-टोन बटण पाहावे. पल्स पद्धतीत सूर निघतच नाहीत.

घोषणा चालू असताना कळ ओळखली जात नाही, ती संपल्यावर मात्र ओळखली जाते, असे आढळल्यास घोषणेचाच प्रतिध्वनी सुरात मिसळतो असे समजावे. घोषणेचा आवाज कमी करावा, वाक्ये आखूड ठेवावीत आणि मध्ये विराम द्यावा.

इंटरनेटमार्गे येणाऱ्या दूरध्वनीत निराळी अडचण उद्भवते. आवाज संक्षिप्त करणाऱ्या काही पद्धती केवळ बोलण्यासाठी घडविलेल्या असून त्यांतून सूर विकृत होतो. अशा वेळी कळीचा अंक आवाजातून न पाठविता स्वतंत्र संकेताने पाठविण्याची सोय दोन्ही टोकांना सारखीच ठेवावी. सूर व संकेत दोन्ही पोहोचले, तर एकदा दाबलेली कळ दोनदा मोजली जाऊ शकते.

याच्या उलट प्रकारही घडतो. निरोप सांगणाऱ्याचा आवाजच यंत्राला कळीसारखा वाटतो आणि निरोप मध्येच तुटतो. सूर क्षीण असल्यास तो वाढविणे किंवा यंत्राची संवेदनक्षमता बदलणे हे काम तंत्रज्ञाकडेच सोपवावे.

नोंद आणि पर्यायी मार्ग

एका वेळी एकच बदल करावा. दिनांक, वेळ, दूरध्वनीचा प्रकार, दाबलेली कळ आणि यंत्राने दिलेला प्रतिसाद यांची नोंदवहीत नोंद ठेवावी. ‘कळी चालत नाहीत’ एवढ्याच तक्रारीपेक्षा अशी नोंद तंत्रज्ञाला कितीतरी अधिक उपयोगी पडते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काही सेकंदांत कोणतीही कळ ओळखली गेली नाही, तर दूरध्वनी आपोआप चालकाकडे किंवा कर्मचाऱ्याकडे वळेल अशी व्यवस्था असावी. ग्रामपंचायतीच्या साध्या दूरध्वनीवरून दरमहा एकदा तरी तिची चाचणी घ्यावी. यंत्र नागरिकांच्या सोयीसाठी आहे. त्याच्या दोषामुळे कोणाचेही काम अडून राहू नये.