हुला : हातांनी सांगितलेला इतिहास

हुला म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? समुद्रकिनारा, फुलांच्या माळा आणि नाचणाऱ्या मुली. सिनेमात आणि जाहिरातीत हेच दाखवतात. पण हुला म्हणजे एवढंच नाही बरं का! हा नृत्यप्रकार पुरुषही करतात आणि त्यात एका समाजाचा इतिहास साठवलेला आहे.

हवाई हा प्रशांत महासागरातील बेटांचा समूह. तिथल्या मूळ लोकांकडे पूर्वी लिपी नव्हती. मग राजांच्या वंशावळी, देवांच्या कथा जपायच्या कशा? त्यांनी त्या काव्यात बांधल्या. या काव्याला 'मेले' म्हणतात. मेले म्हणत त्याचा अर्थ हातांनी आणि पावलांनी दाखवायचा, तो हुला. म्हणजे आधी शब्द, मग नाच.

हुला शिकवणारे गुरू म्हणजे 'कुमू' आणि त्यांची शाळा म्हणजे 'हालाऊ'. लाका ही हुलाची देवी. साथीला भोपळ्याचं 'इपू' आणि शार्कच्या कातड्याने मढवलेला 'पाहू' हा ढोल असतो. जुन्या पद्धतीच्या हुलाला 'काहिको' म्हणतात, तर युकुलेले, गिटारच्या साथीने होणाऱ्या नव्या पद्धतीला 'आउआना'.

१८२० मध्ये अमेरिकेतून ख्रिस्ती मिशनरी आले. त्यांना हुला अधर्म वाटला. पुढे ख्रिस्ती झालेल्या राणी काआहुमानू यांनी १८३० मध्ये जाहीर हुलावर बंदी घातली. विचार करा, जिथे इतिहास माणसांच्या तोंडी असतो, तिथे नाच बंद करणं म्हणजे ग्रंथालयाला कुलूप लावणंच! तरीही काही घराण्यांनी हुला गुपचूप जपला.

पुढे राजा कालाकाउआ यांनी हुलाला पुन्हा मान दिला. १८८३ च्या त्यांच्या राज्याभिषेक सोहळ्यात हुला सर्वांसमोर सादर झाला. त्यांच्याच टोपणनावाने हिलो शहरात 'मेरी मोनार्क' महोत्सव भरतो.

पण एक अडचण उरलीच. १८९६ च्या कायद्याने शाळांचं माध्यम इंग्रजी झालं. मुलांची भाषाच सुटत गेली. हात हलतात, पण शब्द कळत नाहीत, तर गोष्ट सांगणार कोण? १९७८ मध्ये हवाईयन भाषेला राज्यभाषेचा दर्जा मिळाला आणि तिथल्या शाळांत ती पुन्हा ऐकू येऊ लागली. भाषा टिकली तरच हुला टिकेल, हे तिथल्या लोकांनी ओळखलं.

आता सांगा पाहू :
१) हुलामध्ये शब्द आधी का येतात?
२) भाषा विसरली तर नाचाचं काय होतं? तुमच्या शब्दांत लिहा.