काढलेलं विंडोज यादीत का दिसतं?

प्रश्न : संगणक सुरू केला की विंडोज १० आणि ११ अशी दोन नावं येतात. १० तर मी कधीच काढून टाकलंय. हे नाव कसं घालवू?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : विंडोज गेलं, पण बूटच्या यादीतली त्याची नोंद वेगळ्या जागी असते, ती राहिली. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, एमएसकॉन्फिग टाइप करा, 'बूट' टॅब उघडा. ज्या ओळीपुढे 'करंट ओएस' लिहिलंय, तिला हात लावायचा नाही बरं का! दुसरी निवडून 'डिलीट', 'ओके', रीस्टार्ट. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. यानं डिस्कवर जागा मात्र मोकळी होत नाही; जुनं पार्टिशन डिस्क मॅनेजमेंटमधून वेगळं काढावं लागतं.