अँग्लो-सॅक्सन काळात दहिसरला कोण राहत होतं?

प्रश्न : वाचनालयातल्या पुस्तकात इंग्लंडच्या अँग्लो-सॅक्सन लोकांची घरं, जेवण, नावा आणि भाषा यांविषयी वाचलं. त्याच काळात आमच्या दहिसरच्या बाजूला माणसं राहत होती का? ती काय खायची, कसं बोलायची, हातांनी काय बनवायची?
– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी, दहिसर (पूर्व)

उत्तर : हो, राहत होती. त्यांनी कोरलेले दगड तुझ्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर आजही उभे आहेत.

आधी काळ जुळवून घेऊ. इंग्लंडमध्ये अँग्लो-सॅक्सनांचा काळ साधारण पाचव्या शतकापासून 1066 पर्यंत धरतात. आपल्या उत्तर कोकणावर सुमारे 800 ते 1265 या काळात शिलाहार घराण्याचं राज्य होतं. म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षं दोन्ही एकाच वेळी चालू होतं. आल्फ्रेड राजा 871 मध्ये गादीवर आला आणि व्हायकिंगांशी लढत राहिला. त्यानंतर सहाच वर्षांनी, 877 मध्ये, शिलाहार राजा दुसरा कपर्दी याच्या काळातला एक लेख कान्हेरीच्या लेण्यात कोरला गेला. अंबरनाथच्या शिवमंदिराचा लेख 1060 चा आहे. तिथून सहा वर्षांनी हेस्टिंग्जची लढाई झाली आणि अँग्लो-सॅक्सनांचं राज्य संपलं.

दहिसर ज्या साष्टी बेटावर आहे, त्याला जुन्या लेखांत ‘षट्षष्टी’ म्हटलं आहे, म्हणजे सहासष्ट गावांचा मुलूख. तुमची दहिसर नदी तुळशी तलावाच्या परिसरातल्या डोंगरातून निघते. त्याच डोंगरांत कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. नदी खाली येते, तिथे एकेकाळी तिच्या काठावर असलेलं मंडपेश्वर हे शैव लेणं तर शिलाहारांच्याही आधीचं आहे.

घर. अँग्लो-सॅक्सन लोक लाकडी खांब रोवून, फांद्यांच्या विणीवर माती लिंपून भिंत करत आणि वर गवताचं छप्पर घालत. आपल्याकडे याच पद्धतीच्या भिंतीला कूड म्हणतात. जंगलातली कारवी तोडून तिच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि त्यावर शेण-माती सारवायची. राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातल्या पाड्यांवर वारली कुटुंबं अशी घरं बांधत आली आहेत. हजार वर्षांपूर्वीची साधी घरंही लाकूड, माती आणि गवताचीच असणार, म्हणून ती कोकणच्या पावसात टिकली नाहीत. टिकला तो दगड.

जेवण. कोकणात मुख्य अन्न भात. शिवाय खाडीचे मासे, मिठागरातलं मीठ, नारळ, आंबटपणाला चिंच आणि कोकम. तिखटासाठी मात्र काळी मिरी, कारण मिरची तेव्हा भारतात नव्हतीच. मिरची, बटाटा, टोमॅटो, काजू, पेरू हे सगळं अमेरिका खंडातलं. ते पोर्तुगीज काळात आणि त्यानंतर आपल्याकडे आलं. त्या काळच्या मुलीला तुझ्या डब्यातली बटाट्याची भाजी ओळखता आली नसती.

भाषा. अँग्लो-सॅक्सन आधी रून नावाची अक्षरं कोरत, पुढे लॅटिन लिपीत लिहू लागले. त्यांच्याकडे विद्वानांची भाषा लॅटिन होती; आल्फ्रेडने महत्त्वाचे ग्रंथ लोकांच्या बोलीत आणवले. आपल्याकडे राजाचे दानलेख संस्कृतात असत, पण घरात आणि बाजारात मराठी होती आणि ती हळूहळू दगडावर उतरू लागली. अलिबागजवळच्या आक्षी गावचा शिलालेख 1012 चा मानतात, दिवेआगरचा मराठी ताम्रपट 1060 चा आहे. परळला सापडलेला 1187 चा लेख तर फार बोलका आहे. त्यातलं दान संस्कृतात लिहिलं आहे, पण दान मोडणाऱ्याला दिलेली तंबी शेवटी मराठीत आहे. ती सगळ्यांना समजायलाच हवी होती! ज्यांना वाचताच येत नव्हतं त्यांच्यासाठी अशा दगडांवर गाढवाचं चित्र कोरत, म्हणून त्यांना ‘गधेगाळ’ म्हणतात. ज्ञानेश्वरी त्यानंतरची, 1290 ची.

कारागिरी. इंग्लंडमध्ये सटन हू इथे 1939 मध्ये सातव्या शतकातल्या एका जहाजाची जागा खणली. लाकूड कुजून गेलं होतं, पण फळ्या जोडणाऱ्या लोखंडी खिळ्यांच्या रांगा मातीत जशाच्या तशा होत्या. आपल्या समुद्रातली रीत वेगळी होती. इथे फळ्यांना भोकं पाडून त्या काथ्याच्या दोरीने शिवत आणि सांध्यांना चरबी किंवा तेल चोपडत. दहाव्या शतकात चौलला येऊन गेलेला अरब प्रवासी अल-मसूदी याने या शिवलेल्या जहाजांची नोंद केली आहे.

शिलाहारांच्या काळची जहाजं पाहायची तर बोरिवली पश्चिमेला एक्सरला जा. तिथे सहा वीरगळ आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या योद्ध्याचं स्मारक. तो खालून वर वाचायचा. तळाला लढाई, मग वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. एक्सरच्या काही दगडांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं एकमेकांवर चालून जाताना दिसतात. शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव राजा महादेव यांच्यात 1265 च्या सुमारास झालेल्या लढाईचं हे चित्र असावं, असं काही इतिहासकार मानतात. वल्ही, शिडाची काठी, योद्ध्यांची शस्त्रं, केसांची बांधणी हे सगळं नीट बघ. राजांची नावं ताम्रपटांत सापडतात; वल्हं मारणारा साधा माणूस मात्र इथेच दिसतो.

कान्हेरीला जाशील तेव्हा पावसाचं पाणी वळवायला खडकात खोदलेले पाट आणि ते साठवायच्या पोढी बघ. इथल्या नवव्या शतकातल्या एका लेखात भिक्षूंची वस्त्रं, विहाराची दुरुस्ती आणि चक्क पुस्तकं यांसाठी वेगवेगळी रक्कम नेमून दिली आहे. तेव्हाच्या नाण्याला द्रम्म म्हणत. आणखी एका लेण्यात 1009 आणि 1021 मध्ये आलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवली आहेत. एवढ्या लांबच्या लिपीची माणसं तेव्हाही इथे येत-जात होती.

आता तुला एक काम सांगतो. शिक्षकांना घेऊन सगळ्या वर्गाने एक्सरला जा. प्रत्येकाने एकेक पट्टी निवडून तिचं वहीत चित्र काढा, माणसं मोजा, शस्त्रं ओळखा. दगडावर खडू, रंग किंवा तेल लावू नका, त्यावर चढू नका, आणि कुणी तसं करताना दिसलं तर थांबवा. अँग्लो-सॅक्सनांच्या वस्तू इंग्लंडच्या संग्रहालयांत काचेआड जपल्या आहेत. आपले वीरगळ उघड्यावर, वस्तीत आहेत. त्यांची राखण तुम्हा मुलांनीच करायची आहे.