भाषांतरकाराचा मान

ग्रंथ हाती घेताच आपण मूळ लेखकाचे नाव वाचतो. परंतु तो ज्याने परभाषेतून आपणांपर्यंत आणला, त्याचे नाव पाहावयास विसरतो. ही उणीव काही पुरस्कारांनी अंशतः भरून काढली आहे.

साहित्य अकादमीने १९८९ साली भाषांतरासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. मराठीप्रमाणे इंग्रजीत केलेल्या भाषांतरासही तो मिळतो. १९९४ चा इंग्रजीचा पुरस्कार कवी दिलीप चित्रे यांस तुकोबांच्या अभंगांच्या 'सेज तुका' या भाषांतराबद्दल लाभला. त्याच वर्षी त्यांच्या स्वतःच्या मराठी कवितेसही अकादमीने गौरविले.

तुकोबा इंग्रजीत तेव्हाच प्रथम गेले असे मात्र नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेझर व मराठे या द्वयाने त्यांचे अभंग भाषांतरित केले होते. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी महिपतीकृत तुकारामचरित्र १९३० साली इंग्रजीत आणले. मग पुनश्च हे श्रम कशास? एकच उदाहरण घेऊ. मराठीत 'तू', 'तुम्ही', 'आपण' असे तीन भेद आहेत. तुकोबा विठ्ठलास 'तू' म्हणून त्याच्याशी भांडतात. आजच्या इंग्रजीत सर्वांस एकच 'यू'. ती सलगी शब्दात उरत नाही, म्हणून ती वाक्याच्या ठेवणीतून नव्याने उभी करावी लागते. आणि भाषा पालटत असल्याने प्रत्येक पिढीस हे काम पुन्हा करावे लागते.

इंग्लंडमधील आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराचे ५०,००० पौंड लेखक व भाषांतरकार यांस समसमान वाटले जातात. २०२५ साली ते कन्नड लेखिका बानू मुश्ताक व भाषांतरकर्त्या दीपा भास्ती यांस 'हार्ट लॅम्प' या कथासंग्रहाबद्दल मिळाले. ती कन्नड आपल्या देगलूरच्या सीमेपलीकडचीच!

आपल्या बाजारात मराठीसह तेलुगू, कन्नड व उर्दू कानी पडतात. आजीचे बोलणे डॉक्टरांस समजावून सांगणारा मुलगा भाषांतरच करीत असतो. तरी घरच्या भाषेची त्यास लाज वाटते, हे आम्हांस खटकते. पालकांनी ती भाषा घरातून हद्दपार करू नये. ते मुलाचे भांडवल आहे. आणि मुलांनो, या सुट्टीत आजीची एक गोष्ट तिच्या भाषेत लिहून घ्या व ती इंग्रजीत उतरवा. जेथे शब्द अडेल, तेथेच खरा अभ्यास सुरू होईल.