डाव्या बाजूचा पडदा

मी केबिनमध्ये डिलिव्हरीचे कागद शोधत होतो. बाहेर आधी पडद्याची बकलं एकामागून एक सुटल्याचा आवाज आला, मग काहीतरी फाटल्यासारखा, आणि मग माणसाचा. उतरून ट्रेलरला वळसा घालून पोचलो तेव्हा पाण्याच्या बाटल्यांच्या ढिगाऱ्याजवळ गोदामातला तो माणूस आडवा पडला होता आणि पॅलेटची फळी त्याच्या गुडघ्याखाली होती. पाय दोन ठिकाणी मोडला. तो पोलंडहून आलेला, माझ्याच वयाचा. दोन वाक्यांपलीकडे आमचं कधी बोलणं झालं नव्हतं.

ही गोष्ट २०१८ च्या नोव्हेंबरची. आता आपल्याकडची बरीच मुलं इंग्लंडमध्ये स्विंडनला येऊन गोदामातून थेट लॉरीच्या परवान्याकडे वळतात. पगार बरा आहे, कामाला मान आहे, मीही कोणाला थांबवणार नाही. पण परीक्षेत गाडी मागे कशी घ्यायची हे जितकं घोटून घेतात, तितकं माल बांधण्याचं कोणी घोटून घेत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मी मूळचा गोव्यातल्या डिचोलीकडचा. खाणींवर बारा वर्षं टिपर चालवला. एक्सकॅव्हेटर खनिज भरायचा, वर ताडपत्री ओढायची, आमोण्याच्या जेटीवर रिकामं करायचं आणि पुढच्या खेपेला परत रांगेत लागायचं. खनिज स्वतःच्याच वजनाने बसतं, फार तर रस्त्यावर सांडतं, त्याला बांधावं लागत नाही. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि दारात उभ्या टिपरचे हप्ते थकू लागले. आजोबांच्या कागदांवर पोर्तुगीज पासपोर्ट निघाला आणि २०१४ मध्ये मी इथे आलो. तीन वर्षं गोदामात काढली, मग छोट्या लॉरीचा परवाना काढला, त्यानंतर आर्टिक्युलेटेडचा, ज्याला इथे सगळे ‘क्लास वन’ म्हणतात.

माल बांधणारा माणूस आमच्या घरात होता, पण मी त्याच्याकडून काही शिकलो नाही. माझे काका बेळगावहून चोर्ला घाटाने भाजी आणायचे. गाडी भरली की दोर टाकायचे, फाळक्याला पाय लावून तो ओढायचे, आणि घाट उतरायच्या आधी न चुकता गाडी थांबवून चारही बाजूंनी दोरांवर हात मारून बघायचे. मी लहान होतो. मला वाटायचं, काका विडी ओढायला थांबतात.

त्या दिवशी ट्रेलरमध्ये पाण्याच्या बाटल्यांची २४ पॅलेट होती, एकेक साधारण टनाचं. पडद्याचा ट्रेलर तुम्ही पाहिला असेल: पुढे हेडबोर्ड, मागे दारं, वर छत आणि दोन्ही बाजूंना जाड प्लास्टिकचे पडदे, जे खालच्या कडेला ओळीने बकलांनी ताणलेले असतात. फोर्कलिफ्टने दोन्ही बाजूंनी झटपट भरता येतो, म्हणून या देशात जिकडे तिकडे तोच दिसतो. छताखालच्या रुळावरून आत पट्ट्या लोंबत असतात. भरणाऱ्याने त्या पट्ट्या पॅलेटवरून टाकून खाली अडकवल्या होत्या. मी विचारलं, “रॅचेट पट्टे?” तो म्हणाला, “कर्टन विल होल्ड इट, मेट.” मी मान हलवली. मला उशीर झाला होता आणि माझं इंग्रजी तेव्हा हुज्जत घालण्याइतकं नव्हतं. त्याला मी दोष देत नाही. कागदावर सही माझी होती, आणि रस्त्यावर निघाल्यावर माल कसा बांधलाय याचं उत्तर इथल्या कायद्याने ड्रायव्हरला द्यावंच लागतं, मग भरलेला कोणी का असेना.

मोटरवेवर काही जाणवलं नाही. मोटरवेवर सहसा काही जाणवत नाहीच, खरी परीक्षा तिथून उतरल्यावर राउंडअबाउटवर होते. या देशात राउंडअबाउट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं. गाडी उजवीकडे वळत राहते, माल डावीकडे जातो. मी तिसऱ्या रस्त्याला निघणार होतो, म्हणजे जवळजवळ पाऊण चक्कर. एक मोटार आत घुसली, मी ब्रेक दाबला, वळणातच. पाठीमागे दबका धक्का बसला आणि ट्रेलरने क्षणभर एक खांदा टाकला.

पुढच्या लेबायला, म्हणजे रस्त्याकडेच्या थांब्याला, मी थांबलो. पाऊस होता, अंधार पडत होता. ड्रायव्हर इथे उजव्या बाजूला बसतो, म्हणून मी उजवीकडून उतरलो आणि बॅटरी मारून उजवा पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला. एकदम सपाट होता, उलट जरासा आत गेलेला. मी सुटकेचा श्वास टाकला. डावी बाजू झुडपांच्या कडेला होती, तिथे चिखल होता. मी तिकडे गेलो नाही.

उजवा पडदा आत गेला होता, कारण माल त्याच्यापासून दूर सरकला होता. हे मला नंतर कळलं. डावीकडे चौथ्या-पाचव्या ओळीतलं पॅलेट पडद्यावर टेकून उभं होतं आणि तो पडदा त्याला, जेमतेम, धरून होता. गोदामातल्या त्या माणसाने रोजच्या सवयीने बकलं सोडली. शेवटचं सुटलं आणि धरणारं काहीच उरलं नाही.

तीन आठवडे मला गाडीवर घेतलं नाही, मग पुन्हा शिकायला पाठवलं. शिकवणारा म्हातारा इंग्रज पस्तीस वर्षं लॉरीवर काढलेला होता. त्याने मला जे दाखवलं, ते कोणी आधी दाखवलं असतं तर त्या माणसाचा पाय मोडला नसता, असं मला आजही वाटतं.

पहिली गोष्ट पडद्याची. साधा पडदा पाऊस अडवतो, माल नाही. काही ट्रेलर युरोपियन मानक १२६४२ च्या एक्सएल प्रकारात येतात आणि त्यांचं प्रमाणपत्र असतं. अशा ट्रेलरची बाजू मालाच्या ४० टक्के वजनाइतका जोर सहन करेल अशी चाचणी झालेली असते. पण त्यालाही अटी आहेत: माल पुढून मागेपर्यंत ठासून भरलेला हवा, बाजूला मोकळी जागा राहता कामा नये, पडदा फाटलेला नको. अर्धा रिकामा झाला की तोच एक्सएल ट्रेलर तुमच्यासाठी साधा झाला असं धरा. “हा एक्सएल आहे” असं कोणी सांगितलं तर प्रमाणपत्र आणि आतली पाटी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

दुसरी गोष्ट जोराची. इथल्या नियमांचा आधार सोपा आहे: बांधणी पुढच्या दिशेला मालाच्या पूर्ण वजनाइतका जोर धरू शकली पाहिजे, बाजूला आणि मागे अर्ध्या वजनाइतका. माझं एक पॅलेट टनाचं. म्हणजे वळणावर पाचशे किलो बाजूला ढकलणार हे गृहीत धरून ते बांधायला हवं होतं. छताखालून लोंबणाऱ्या पट्ट्या हलक्या पॅलेटसाठी, चारशे किलोपर्यंतच्या मालासाठी असतात. माझ्या मालाला त्या शोभेपुरत्या होत्या.

तिसऱ्या गोष्टीला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण तिथे जुने ड्रायव्हरही चुकतात. रॅचेटचा ५० मिलिमीटर रुंदीचा पट्टा हातात घ्या आणि त्यावर शिवलेलं लेबल वाचा. त्यावर ‘एलसी’ म्हणून २५०० डेकान्यूटन लिहिलेलं असतं, ढोबळ मानाने अडीच टन. ते वाचून माणूस निर्धास्त होतो. पण तो आकडा पट्टा सरळ ओढला तर किती सोसेल याचा आहे. आपण पट्टा मालावरून टाकून खाली आवळतो, तेव्हा तो माल धरत नाही, फक्त खाली दाबतो. मालाला जागेवर धरतं ते लाकूड आणि फरशी यांमधलं घर्षण. हाताने रॅचेट ओढून पट्ट्यात किती ताण येतो, तो आकडा त्याच लेबलवर ‘एसटीएफ’ म्हणून वेगळा असतो, आणि साध्या रॅचेटला तो साधारण तीनशे-साडेतीनशेच असतो. अडीच हजार वाचून निघालेला माणूस प्रत्यक्षात तीनशेच्या भरवशावर असतो. त्यातही पट्टा सरळ खाली उतरत असेल तरच पूर्ण दाब मिळतो. माल बुटका असेल आणि पट्टा तिरपा, फरशीशी तीस अंशात गेला, तर दाब निम्मा होतो.

म्हणून फरशी झाडा. धूळ, सांडलेलं तेल, ओली पुठ्ठ्याची चिंधी यांनी घर्षण कमी होतं. पॅलेटखाली रबरी चटईचे तुकडे टाकले तर तेच पट्टे कितीतरी जास्त काम करतात. मी आता नेहमी गाडीत दोन डझन तुकडे ठेवतो. पट्ट्याचा हुक ट्रेलरच्या चौकटीला, कडेच्या लोखंडी पट्टीला लावा, पडद्याच्या बकलाला किंवा खांबाला नाही. खोक्यांच्या कडांवर प्लास्टिकचे कोपरे लावा, नाहीतर पट्टा पुठ्ठा दाबत जातो आणि वीस मैलांवर ढिला पडतो. तसाही थोडं अंतर गेल्यावर पट्टा सैल होतोच, म्हणून थांबून पुन्हा आवळावा लागतो. काका चोर्ल्यात विडी ओढायला थांबत नव्हते, हे मला पन्नाशीला आल्यावर, दुसऱ्या देशात कळलं.

पॅलेट हेडबोर्डला टेकलेलं असावं. मध्ये फट राहिली तर रिकामी पॅलेट उभी करून ती भरा, कारण फट म्हणजे मालाला धाव घ्यायला दिलेली जागा. पॅलेटवरची प्लास्टिकची गुंडाळी पॅलेटच्या लाकडालाही धरून हवी. ती फक्त खोक्यांभोवती असेल तर लाकूड जागेवर राहतं आणि खोकी निघून जातात. आणि एका ठिकाणी अर्धा माल उतरवलात की उरलेला माल पुन्हा बांधा. सकाळची बांधणी सकाळच्या भरण्याची होती.

उघडण्याबद्दल आता थांबून वाचा, कारण माझ्या हातून घडलं ते तिथे घडलं. पडद्याला हात लावायच्या आधी ट्रेलरभोवती पूर्ण फिरा, डाव्या बाजूनेही, चिखल असला तरी. कुठे फुगा दिसला, किंवा एक बाजू आत गेलेली दिसली, तर फुगलेल्या बाजूचं एकही बकल सोडू नका. विरुद्ध बाजू किंवा मागचं दार उघडून आधी आत बघा. पॅलेट झुकलेलं असेल तर फोर्कलिफ्टने त्याला आधार दिल्याशिवाय पडदा उघडायचा नाही, आणि उघडणारा पडद्यासमोर नको, कडेला, खांबाच्या टोकाशी हवा. गोदामातल्या माणसाला सांगा. तो दिवसाला वीस गाड्या उघडतो, त्याचा हात सवयीने बकलाकडे जातो. वाटेत जोरात ब्रेक लागला असेल तर तेही सांगा. मी ते सांगितलं असतं तर तो थांबला असता. त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

नव्या मुलांना सगळ्यात जड जातं ते नाही म्हणणं. आपण परदेशात, व्हिसाची किंवा नोकरीची धास्ती, इंग्रजी तुटकं, आणि समोरचा आपल्याहून जुना. ‘येस, येस’ तोंडातून आपोआप निघतं. म्हणून एक वाक्य पाठ करून ठेवा, मी वहीत लिहून ठेवलं होतं: “आय ॲम नॉट हॅपी विथ धिस लोड.” एवढंच म्हणायचं, आवाज न चढवता, आणि चावी हातात धरून उभं राहायचं. गेल्या काही वर्षांत मी ते किमान दहा वेळा म्हटलं आहे. दोन वेळा भरणाऱ्याने शिव्या घातल्या. एकदा ऑफिसला फोन करावा लागला, आणि गाडी चाळीस मिनिटं उशिरा निघाली. नोकरी एकदाही गेली नाही.

त्या पोलिश माणसाला मी हॉस्पिटलात जाऊन भेटलो होतो. काय बोलावं कळेना. त्याने माझ्या मुलांबद्दल विचारलं. आठ महिन्यांनी तो कामावर परत आला, थोडा लंगडत. पुढच्या हिवाळ्यात मी तिथे माल घेऊन गेलो तेव्हा तोच बाहेर आला. मी उतरून आधी त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, चल, दोघं मिळून बघू. आम्ही ट्रेलरभोवती फिरलो. डाव्या बाजूला आल्यावर तो थांबला, पडद्यावर तळवा टेकवून हळूहळू शेवटापर्यंत चालत गेला. मग मी मागचं दार उघडलं, आत वाकून एकेक पट्टा मोजून दाखवला, आणि तो मान हलवून फोर्कलिफ्ट आणायला गेला.