पदवी निवडताना घर किती आड येतं?

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको दहावीपर्यंतच शिकलो; शेती करतो. मुलगी बारावी सायन्सला असून सीईटीला चांगले पर्सेंटाइल आहेत. सर इंजिनिअरिंग सुचवतात, ती मात्र तालुक्याला डी.एड. करते म्हणते. तिची आवड मानावी का?
– एक पालक, जि. बीड

उत्तर : आवड मानावीच, पण ती खरी आवड आहे का, हे आधी पाहा. मुलं बहुधा डोळ्यांसमोर असलेलंच मागतात. तुमच्या लेकीनं रोज नोकरीवर जाणारी बाई पाहिली असेल, तर ती शाळेतलीच. इंजिनिअरच्या घरातल्या मुलाला कॅप राउंड, ब्रँच, इंटर्नशिप हे जेवताना कानावर पडतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्द्यू यालाच ‘सांस्कृतिक भांडवल’ म्हणतो.

दुसरं, मुली घरचा खर्च न बोलता मोजतात. २०२४-२५पासून राज्यात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस कुटुंबांतल्या मुलींना कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या व्यावसायिक प्रवेशासाठी शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हे तिला आकड्यांसह सांगा. वसतिगृह आणि मेसचा खर्च मात्र वेगळा धरा. उत्पन्नाचा दाखला, लागू असल्यास नॉन-क्रीमिलेअर आणि जात वैधता आत्ताच काढा. ऐन वेळी कागदच अडतात.

मग तिला एखादं इंजिनिअरिंग कॉलेज दाखवा, तिथं शिकणाऱ्या तालुक्यातल्या मुलीशी बोलू द्या. त्यानंतरही ती डी.एड.च म्हणाली, तर खुशाल करू द्या.