तिसऱ्या भोकामागे वायर आहे का?

१. जुन्या वाड्यात, चाळीत काम निघालं की फर्माईश ठरलेली: "टू-पिन काढून थ्री-पिन बसवून द्या." सॉकेट बदलणं दहा मिनिटांचं काम. पण लाकडी पट्टीतून दोनच वायरी येत असतील, तर अर्थचं तिसरं भोक नुसतं शोभेचं. टू-पिन निदान खोटं तरी बोलत नाही.

२. बोर्डावरचं बटण बंद म्हणजे वीज बंद, असं समजू नका. बटण न्यूट्रलवर टाकलेलं जुन्या घरात हमखास सापडतं. टेस्टर चालतो ना, ते आधी चालू पॉइंटवर लावून बघा, मग मेन पाडा.

३. पेठेतल्या एका घरी वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या यायच्या. कुणीतरी येऊन त्या थांबवल्या, घरचे खूश. मी सॉकेट उघडला, तर न्यूट्रलपासून वरच्या मोठ्या पिनेपर्यंत बोटभर हिरवी वायर! मशीन झकास चालतं, शंका कुणालाच येत नाही. पण मागे कुठे न्यूट्रल सुटला, की मशीनच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट. ह्या कामाला मी जुगाडही म्हणणार नाही. हा सापळा आहे.

४. नळाला किंवा खिडकीच्या गजाला अर्थ बांधू नका. मध्येच प्लॅस्टिकचा पाइप जोडलेला असतो. तुमच्या फ्रीजचा करंट शेजाऱ्याच्या न्हाणीघरात निघायचा.

५. खरी अर्थ म्हणजे मीटरपासून प्रत्येक सॉकेटपर्यंत वेगळी हिरवी वायर. मीटरजवळ अर्थ टर्मिनल वीज कंपनीनं द्यायचं असतं, तसा नियमच आहे. नसेल तर लेखी मागा. सोसायटीचा अर्थ पिट असेल तर अर्थ टेस्टरनं मोजून घ्या. नुसता बल्ब पेटला म्हणून पास करू नका.

६. वायरिंगला आत्ता पैसे नसतील, तर आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. तो फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटचा फरक पकडतो, त्यामुळे अर्थ नसतानाही पडतो. मात्र तेव्हा तो पडतो करंट माणसातून गेल्यावर. अर्थ असेल तर बिघाड होताक्षणीच. एमसीबी हे काम करत नाही.

७. फ्यूज, बटण बदलणं वेगळं. नवी वायर ओढायची तर परवानाधारक कंत्राटदारच हवा, आणि काम झाल्यावर टेस्ट रिपोर्ट मागून घ्या. द्यायला का-कू करणाऱ्याला काम देऊ नका. आणि तोवर गिझर अर्थ नसलेल्या पॉइंटवर लावू नका.